पाच खोल्यांतून दोन खोल्यांत: आईबाबांचं घर हलवताना

साताऱ्याचं आमचं घर बाबांनी १९७८ साली बांधलं. खाली तीन खोल्या, वर दोन, त्यावर माळा, मागे न्हाणीघर आणि अंगणात तुळशीवृंदावन. गेल्या हिवाळ्यात आईबाबा तिथून पुण्यात, माझ्याच सोसायटीतल्या ५८५ चौरस फूट कार्पेटच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. बाबा ७९ वर्षांचे, आई ७४ची. जिना आणि माळा दोघांनाही झेपेना, हे त्यांचं त्यांनाच पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि ४५ वर्षांचा संसार टेम्पोत भरणं वेगळं. आम्हाला तीन महिने लागले. आता कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी सांगते: काय न्यायचं ते नव्या घराच्या मापावरून ठरवा, आणि वस्तू ज्याची, शेवटचा शब्द त्याचा.

दुसरी गोष्ट मी चुकून शिकले. पहिल्याच आठवड्यात मी एक पोचे पडलेलं, काळवंडलेलं अॅल्युमिनियमचं पातेलं न विचारता भंगारात टाकलं. आई ३० वर्षं त्यात चहा करत होती. दोन दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलली आणि त्यापुढे प्रत्येक पिशवी उघडून बघू लागली. एका पातेल्यापायी आमचे आठ दिवस गेले. म्हातारी माणसं वस्तूंना चिकटून बसतात, असं आपण सहज म्हणतो. माझ्या अनुभवात, विचारलं तर ती बरंच काही आपणहून सोडतात.

आधी टेप घ्या

आवराआवर सुरू करण्याआधी नव्या घरात एक सकाळ काढा. कार्पेटचा आकडा उपयोगाचा आहे, पण पुरेसा नाही. रेरा या घरबांधणीच्या कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी कार्पेटमध्ये धरत नाहीत, आतल्या भिंती मात्र धरतात. म्हणजे ५८५ फुटांतले काही फूट भिंतींनीच खाल्लेले असतात. म्हणून प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी स्वतः मोजा. दारं कुठे उघडतात, खिडकीची कड जमिनीपासून किती वर आहे, प्लग कुठे आहेत, तेही लिहा. मग आलेखाच्या कागदावर एका फुटाला एक सेंटिमीटर धरून खोल्या काढा, आणि जुन्या घरातलं प्रत्येक मोठं सामान त्याच प्रमाणात पुठ्ठ्याचं कापा. बाबांनी हे काम दोन संध्याकाळी बसून केलं. पुठ्ठ्याचा दिवाण चार ठिकाणी सरकवून बघितल्यावर, तो येणार नाही हे त्यांनीच सांगितलं. मला काही बोलावं लागलं नाही.

कागदावर बसलेलं सामानही एकदा जमिनीवर तपासा. वर्तमानपत्रं जोडून पलंगाच्या, कपाटाच्या मापाची करून नव्या घरात अंथरायची आणि मधून चालून बघायचं. पलंगाच्या बाजूने किमान अडीच फूट मोकळे हवेत. वॉकर वापरणारं माणूस असेल तर तीन. रात्री पलंगापासून संडासापर्यंतची वाट सरळ आणि बिनअडथळ्याची असली पाहिजे. एखादं कपाट त्या वाटेत येत असेल तर ते आणायचं नाही, कितीही लाडकं असलं तरी.

लोक लिफ्ट मोजायला विसरतात, आम्हीही विसरलो. आजोबांचं सागवानी काचेचं कपाट पावणेसात फूट उंच आणि लिफ्टचं दार साडेसहा फुटांचं. ऐन वेळी ते जिन्याने तिसऱ्या मजल्यावर न्यावं लागलं आणि हमालांनी जिन्याचे वेगळे अडीच हजार मागितले. लिफ्टच्या दाराची उंची-रुंदी, आतली खोली, जिन्याच्या वळणाची रुंदी आणि घराच्या मुख्य दाराची चौकट, ही चार मापं वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

महिना कोणता धरावा

पावसाळा टाळा. गाद्या आणि पुस्तकं एकदा भिजली की संपलं. एप्रिल-मे कोरडा असतो, पण त्या उन्हात वयस्कर माणसांचे हाल होतात. शिवाय वर्षाचा गहू, डाळी, तिखट, मसाला भरायचे तेच दिवस. त्या वर्षी साठवणीचं भरूच नका, महिन्याला लागेल तेवढंच आणा. डिसेंबर ते फेब्रुवारी आम्हाला सोयीचा वाटला. महिन्याची अखेर, दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवसांत टेम्पो आणि हमाल दोन्ही मिळायची मारामार असते.

मुहूर्त पाळायचा असेल तर तो सामानापासून वेगळा करा. चांगला दिवस बघून कलश, देवाची तसबीर आणि दुधाचं पातेलं घेऊन जा, दूध उतू घाला, पूजा करा. सामान मग सवडीने, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी हलवा. आमच्याकडे या दोन दिवसांत अकरा दिवसांचं अंतर होतं. त्या काळात नव्या घरात पडदे, नळ, संडास-न्हाणीघरातले आधाराचे दांडे आणि वायरिंगची कामं उरकून घेतली.

कुठून सुरुवात करायची

फोटोंपासून नाही. साड्यांपासूनही नाही. जिथे जीव अडकलेला नाही तिथून करा: औषधांचा डबा, रद्दी, जुनी बिलं, न्हाणीघरातल्या बाटल्या, तुटलेल्या छत्र्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत घर हलकं झालेलं दिसलं की आईबाबांनाच हुरूप येतो. मग माळा, मग वरच्या खोल्या, मग स्वयंपाकघर. कागद, फोटो आणि देवघर शेवटी.

दिवसातून दोन तास, तेही सकाळचे, एवढंच ठेवा. दुपारनंतर थकलेलं माणूस एक तर सगळंच ठेवा म्हणतं किंवा सगळंच फेका म्हणतं, आणि दोन्हीचा पुढे पश्चात्ताप होतो. ढीग चार करा: नव्या घरी येणारं, घरातल्याच कुणाकडे जाणारं, बाहेर द्यायचं, टाकायचं. शिवाय एक पत्र्याची ट्रंक ‘नंतर बघू’साठी. ट्रंक एकच. भरली की काहीतरी काढल्याशिवाय नवं आत जाणार नाही. आईने त्या ट्रंकेत काय काय ठेवलं ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

घरातल्यांकडे जाणाऱ्या वस्तूंना तारीख घाला. ‘ती शिलाई मशीन मीच नेणार’ म्हणणारे चुलत-मावस सगळे असतात, पण न्यायला येत नाहीत. आम्ही सगळ्यांना सांगितलं की अमुक रविवारपर्यंत न्या, नाहीतर देऊन टाकू. सातपैकी चार जण आले.

स्वयंपाकघर

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो द्यावा. एका मोठ्या कुटुंबाचं स्वयंपाकघर दोन माणसांचं करायचं असतं. आम्ही आईला म्हटलं, रोजच्या आठ दिवसांत जे हाताला लागेल तेवढंच ओट्याच्या डाव्या बाजूला ठेव, वापरून धुतलेलं परत कपाटात नको. आठ दिवसांनी तिथे दोन कढया, तीन पातेली, एक कुकर, तवा, परात, पोळपाट-लाटणं, खलबत्ता, सहा ताटं-वाट्या आणि मिसळणाचा डबा होता. त्यात सणासुदीचं आणि पाहुण्यांचं थोडं घातलं की नव्या घराचं स्वयंपाकघर झालं.

तांब्या-पितळेचा प्रश्न वेगळा. हंडे, कळश्या, घंगाळ, तांब्याचा बंब, पितळी डब्यांची उतरंड, एवढं सगळं फ्लॅटमध्ये मावत नाही. मोडीत देण्याआधी प्रत्येक भांडं उलटंसुलटं करून बघा. आपल्याकडे भांड्यांवर नावं कोरायची पद्धत होती: कुणाकडून, कुणाला, कशाप्रीत्यर्थ, तारीख. आमच्याकडे मुंजीतल्या, आईच्या लग्नातल्या-डोहाळजेवणातल्या भांड्यांवर मिळून निदान २० नावं निघाली. त्यातली कित्येक माणसं आज नाहीत, पण त्यांची मुलं-नातवंडं आहेत. एका कळशीवर आईच्या मामीचं नाव होतं. ती तिच्या नातीला दिली, तिने डोळे पुसत घेतली. उरलेल्या भांड्यांच्या कोरीव अक्षरांचे फोटो काढले आणि मगच मोड दिली.

मोड देताना निदान दोन दुकानांत भाव विचारा. तांबं आणि पितळ वेगळं तोलून घ्या आणि घट किती धरतात ते आधी स्पष्ट करा. लोखंडी कडी, कान, जोड काढल्यावरच खरं वजन कळतं. वापरात ठेवायची असतील त्या पितळी भांड्यांना कलई करून घ्या. आम्ही एक घंगाळ ठेवलं. ते आता बाल्कनीत आहे, त्यात कुंडी बसते.

पाटा-वरवंटा आणि जातं जड असतात, पण गावात ते घेणारं कुणी ना कुणी निघतं. शेजारी विचारा. चिनी मातीच्या बरण्यांपैकी दोन ठेवा, त्याही लहान. लोणचं काचेच्या बाटल्यांत भरून, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावून, आपल्यासोबत गाडीतून न्या, टेम्पोतून नाही.

कपडे आणि साड्या

रोजचे कपडे आवरायला फार विचार लागत नाही. दोन वर्षं अंगावर न आलेलं बाहेर. बोहारीण अजून येत असेल तर जुने कपडे देऊन भांडं घ्यायचा मोह टाळा, भांडी कमी करायचीच आपण निघालो आहोत. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुने कपडे आणि घरातलं जुनं सामान गोळा करते. तुमच्या गावात असं कुणी आहे का ते चौकशी करून बघा. फाटकं-मळकं मात्र कुणालाही देऊ नका.

साड्यांचं आम्ही असं केलं. जरीच्या साड्या आईने सुना-नातींना हाताने दिल्या, प्रत्येकीची गोष्ट सांगून. मऊ झालेल्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या. आजीच्या तीन नऊवारी त्यात आहेत. गोधडी शिवणाऱ्या बायकांना वेळ लागतो, हे काम अगदी पहिल्या महिन्यात द्या.

पुस्तकं, कागद आणि फोटो

बाबा शाळेत मुख्याध्यापक होते, त्यामुळे पुस्तकं हजाराच्या वर. त्यांनी दीडशे निवडली. बाकीची देताना एक पथ्य पाळा: आधी यादी पाठवा, मग पुस्तकं. ग्रंथालयांनाही जागेची अडचण असते आणि जुनी क्रमिक पुस्तकं, गाइडं त्यांना नको असतात. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयापेक्षा तालुक्यातली ‘क’ किंवा ‘ड’ वर्गातली लहान वाचनालयं कथा-कादंबऱ्या आनंदाने घेतात.

माळ्यावर जुनी कागदांची बोचकी सापडली तर रद्दीत घालण्याआधी थांबा. त्यात मोडी लिपीतले कागद, जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या, पोथ्या असू शकतात. पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ सालची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था या अशा कागदांची आणि हस्तलिखितांची जपणूक करणाऱ्या संस्था आहेत. मोडी वाचता येणाऱ्याला एकदा दाखवा. असे कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, रबर बांधू नका. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

घराचे कागद वेगळ्या फायलीत: खरेदीखत, इंडेक्स दोन, सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, विजेचं बिल. विमा, मुदत ठेवी, पेन्शनची कागदपत्रं दुसऱ्या फायलीत. या फायली आणि दागिने टेम्पोत घालायचे नाहीत.

फोटो सगळ्यात शेवटी, आणि आईबाबांना शेजारी बसवून. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकटच मोबाइलने किंवा स्कॅनरने टिपा. सुट्या फोटोंच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनने नाही, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. कोण कोण आहे हे सांगणारी माणसं आहेत तोवर हे काम झालं पाहिजे. आमच्या एका फोटोतल्या तीन बायकांची नावं आता कुणालाच सांगता येत नाहीत, बाबांच्या आत्याला ती ठाऊक होती.

देवघर

आमचं देवघर भिंतीत होतं, मोठं. फ्लॅटमध्ये दोन फुटांचं लाकडी देवघर बसतं. कुलदैवताचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा एवढं आलं. उरलेल्या तसबिरी आणि मूर्तींचं काय करायचं ते घरच्या गुरुजींना विचारून केलं. कुळधर्म कुठल्या भावाकडे जाणार हे आधीच बोलून घ्या. यावरून घराघरांत मनं दुखावतात आणि सामान हलवायच्या गडबडीत हा विषय निघाला तर फार वाईट पद्धतीने निघतो. टाक आईने स्वतःच्या मांडीवर घेऊन आणले.

जोडण्या आणि नोंदी

दुसऱ्या शहरात जाताना गॅसचा सिलिंडर सोबत न्यायचा नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याचा कागद, घ्या. अनामत परत मिळते आणि त्या कागदावर नव्या गावी जोडणी घेता येते. त्यासाठी जोडणी घेताना मिळालेलं मूळ सब्स्क्रिप्शन व्हाउचर आणि गॅसचं पुस्तक शोधून ठेवा. हे निघायच्या दोन-तीन दिवस आधी करा, आणि तेवढ्या दिवसांसाठी इंडक्शन शेगडी उसनी आणा.

महावितरणच्या मीटरचा निघतानाचा आकडा फोटोत टिपा. घर विकलं असेल तर जोडणी नव्या मालकाच्या नावावर करून द्या आणि सुरक्षा ठेवीचं काय ते त्याच वेळी ठरवा, नाहीतर पुढची थकबाकी तुमच्या नावावर लागते. मतदार यादीतला पत्ता नमुना ८ भरून बदलतो. आधार, बँक, विमा यांचे पत्ते एका बैठकीत उरकावेत. पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, म्हणून नोव्हेंबरच्या तोंडावर बँकेची शाखा बदलायला काढू नका. आम्ही आधी दाखला दिला, शाखा नंतर बदलली.

जुन्या डॉक्टरांकडून आजारांची आणि चालू औषधांची चिठ्ठी लिहून घ्या आणि एक महिन्याची औषधं जवळ ठेवा.

टेम्पो आणि माणसं

दोन खोल्यांचं निवडून काढलेलं सामान १४ फुटी आयशरमध्ये बसतं. छोट्या हत्तीत साधारण पाऊण टन माल जातो. गावातल्या गावात दोन खेपा करायच्या असतील तर तो स्वस्त पडतो, शंभरेक किलोमीटरसाठी मात्र नाही. दर ठरवताना माणसाला घरी येऊन सामान बघायला सांगा. फोनवर सांगितलेला आकडा दारात आल्यावर वाढतो. दरपत्रकात बांधणी, चढवणं-उतरवणं, मजला, पलंग-कपाट उघडून जोडणं, टोल आणि विमा हे सगळं लिहून घ्या. आगाऊ रक्कम थोडी द्या, बाकी सामान उतरून मोजल्यावर. नव्या सोसायटीच्या सचिवांना तारीख आधी कळवून लिफ्टची वेळ आणि टेम्पो कुठे लावायचा ते विचारून ठेवा. काही ठिकाणी रविवारी किंवा दुपारी दोन ते चार सामान चढवू देत नाहीत.

बांधाबांध

पुस्तकांसाठी लहान खोकी, गाद्या-उशांसाठी मोठी. एका खोक्याचं वजन १५ किलोच्या वर नेऊ नका. खोक्यावर आतल्या वस्तूंपेक्षा नव्या घरातली खोली मोठ्या अक्षरांत लिहा आणि अनुक्रमांक घाला. वहीत त्या क्रमांकापुढे काय आहे ते सविस्तर. खोक्याच्या वरच्या भागावर नाही, दोन बाजूंना लिहा. एकावर एक रचल्यावर वरचं दिसत नाही. काचेची ताटं आडवी नाही, उभी भरा.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवा, पाणी पुसा, आणि तो उभाच न्या. आडवा करावाच लागला तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच सुरू करा. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला मागून ड्रम जखडणारे ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात, नाहीतर ड्रम हिंदकळून बिघडतो. एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये घेणारा माहीतगार तंत्रज्ञच बोलवा. इन्व्हर्टरची बॅटरी उभी आणि सामानापासून वेगळी.

तुळस आम्ही वृंदावनातून मुळासकट मातीचा गोळा धरून कुंडीत काढली, पण पंधरा दिवस आधी. निघायच्या दिवशी उपटलेलं रोप प्रवासात तग धरत नाही.

शेवटचा दिवस

आईबाबांना दिवसभर सामानाच्या मधे बसवू नका. पण पाठवूनही देऊ नका, निदान विचारल्याशिवाय. आई शेजारच्या काकूंकडे बसली, बाबा खुर्ची टाकून अंगणात बसले आणि प्रत्येक खोक्याचा क्रमांक वहीत मांडत राहिले. ते काम त्यांचंच होतं आणि त्यांनी ते चोख केलं.

एक पिशवी टेम्पोत न घालता हातात ठेवा: औषधं, चष्मे, काठी, चार्जर, दोन दिवसांचे कपडे, टॉवेल, साबण, चहा-साखर-दूध पावडर, एक पातेलं, गाळणं, चार कप, काडेपेटी, कात्री, विजेरी. पोचल्यावर आधी पलंग जोडा आणि अंथरूण घाला, मग बाकीचं. पलंगाची दिशा जुन्या घरासारखी ठेवता आली तर ठेवा, म्हणजे रात्री उठल्यावर दार कुठल्या हाताला आहे ते अंगवळणी असतं. पहिले पंधरा दिवस संडासाच्या वाटेवर रात्रीचा दिवा सुरू राहू द्या.

टेम्पो गेल्यावर रिकाम्या घरातून मी आणि बाबा एकदा फिरलो: माळा, दारामागचे खुंटीवरचे कपडे, फडताळाचे वरचे कप्पे, न्हाणीघराची खिडकी. कुठल्या तरी कोनाड्यात काही ना काही राहिलेलंच असतं. आम्हाला देवघराच्या कोनाड्यात आजीचा कुंकवाचा करंडा मिळाला. बाबांनी नळाचा मुख्य कॉक बंद केला, मेन स्विच खाली केला आणि कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. मग परत घेऊन कुलूप एकदा ओढून बघितलं, रोज झोपताना बघायचे तसं.